खानदेशातून समुद्राकडे : हिवाळी काठपक्षी, भरतीची वेळ आणि धक्क्यांवरचे निरीक्षण

तापीथडी, भुसावळ

हतनूर, वाघूर, गिरणा, अनेर ही धरणे आणि धुळ्याचा नकाणे तलाव येथे हिवाळाभर फिरणारे अनेक जण पक्षिनिरीक्षकांच्या या गटात आहेत. शेकाट्या, कंठेरी चिखल्या, छोटा टिलवा, ठिपकेवाली तुतारी यांच्याशी आपली ओळख जुनी आहे. मात्र काठपक्ष्यांचा एक मोठा वर्ग असा आहे, की त्याचे हिवाळ्यातले अन्न समुद्राच्या वाळूत, चिखलात आणि खडकांवरच असते आणि त्यामुळे तो खानदेशात क्वचितच उतरतो. लाटेमागे धावणारा सँडरलिंग, दगड उलथून खालचे किडे-खेकडे टिपणारा टर्नस्टोन, लाल चोचीचा ऑयस्टरकॅचर, राखी चिखल्या, पट्टेरी शेपटीचा गॉडविट ही त्यातली ठळक नावे. या पौषात किनाऱ्यावर जाण्याचा आमच्याकडील काही जणांचा विचार आहे. त्याची तयारी नीट व्हावी म्हणून हा धागा सुरू करत आहे.

माझे मत आधीच मांडतो. कुठे जावे हे ठरवण्यापूर्वी पाणी केव्हा कुठे असेल हे ठरवावे. आपल्या जलाशयांवर रब्बीची आवर्तने सुटू लागली की पाणी आठवड्या-आठवड्याने मागे सरकते, चिखलाची पट्टी हळूहळू उघडी पडते आणि त्या पट्टीवर पक्षी सकाळीही असतात, संध्याकाळीही असतात. आपल्याला फक्त ऊन आणि प्रकाश सांभाळावा लागतो. समुद्रावर पाणी दिवसातून दोनदा येते आणि दोनदा जाते. काठपक्ष्यांचे खाणे, झोपणे, पिसे साफ करणे हे सगळे त्या पाण्यावर ठरते, सूर्यावर नव्हे. ओहोटी मध्यरात्री असेल तर ते मध्यरात्री चरतात. ओहोटीच्या वेळी ते मैलभर पसरलेल्या चिखलात विखुरतात आणि दुर्बिणीतही ठिपक्यांएवढे दिसतात. भरती चढू लागली की तेच पक्षी उरल्यासुरल्या कोरड्या जागेवर, एखाद्या वाळूच्या दांड्यावर किंवा धक्क्याच्या दगडांवर, दाटीने येऊन बसतात. म्हणून ‘पहाटे पोहोचावे’ हा आपला नेहमीचा नियम तेथे एकट्याने पुरत नाही.

कोकणातले मच्छीमार भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीचा तास ढोबळमानाने मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. शुद्ध आणि वद्य या दोन्ही पक्षांत हाच हिशोब चालतो. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. दिनदर्शिका घरोघरी असतेच, त्यामुळे भुसावळात बसूनही सहलीचा दिवस ठरवता येतो.

जाणकारांनी ठिकाणे सुचवावीत. वाळूची पुळण, खाडीचा चिखल आणि बंदराचा धक्का या तिन्ही प्रकारच्या जागा एका फेरीत पाहता आल्या तर उत्तम.

पांझरेकाठचा, सध्या दापोली

दादा, आपण सुरुवात योग्य ठिकाणाहून केली आहे. मी मूळचा धुळ्याचा, नोकरीमुळे काही वर्षे किनाऱ्यावर आहे, म्हणून थोडी भर घालतो.

पाऊणपटीचा नियम मुंबई-अलिबाग भागात चांगला लागू पडतो, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो एवढेच. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, त्यामुळे रत्नागिरी-मालवणला ती मुंबईच्या आधी लागते. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते आहेत आणि ते पाहूनच अंतिम वेळ ठरवावी. पाण्याच्या चढउताराची उंचीही जागेनुसार बदलते. मुंबईला उधाणाच्या भरतीचे पाणी साडेचार मीटरांच्या वर जाते, मालवणकडे ते साधारण त्याच्या निम्मे असते. जेथे चढउतार मोठा, तेथे उघडा पडणारा चिखल मोठा आणि पक्ष्यांची संख्याही सहसा मोठी. दक्षिण कोकणातील पुळणी सुंदर आहेत, पण काठपक्ष्यांचे मोठे थवे पाहायचे असतील तर रायगड, मुंबई आणि त्याच्या वरचा किनारा अधिक फलदायी ठरतो.

आता दिवस कोणता निवडावा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि पक्षी उजळलेले दिसतात. दुपारी तीननंतर समुद्र चकाकू लागतो, सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात आणि चिखल्यांमधले फरक कळेनासे होतात. म्हणजे आपल्याला अशी तिथी हवी, की जिच्या सकाळी पाणी चढत असेल आणि साडेदहा ते दीडच्या दरम्यान भरती पूर्ण होईल. चतुर्दशीपासून द्वितीयेपर्यंतचे दिवस या अटीत बसतात. सूर्योदयाच्या सुमारास ओहोटी संपलेली असते, आठपासून पाणी पक्ष्यांना हळूहळू आपल्याकडे ढकलत आणते आणि दहा-साडेदहाला ते जवळ आलेले असतात. अष्टमीच्या आसपास, ज्याला येथे भांगाचे दिवस म्हणतात, पाणी फारसे चढतही नाही आणि उतरतही नाही. त्या दिवसांत पक्षी विखुरलेलेच राहतात.

आणखी एक गोष्ट हिवाळ्यात फार उपयोगी पडते. या किनाऱ्यावर एका दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात उधाणाची दुपारची भरती मोठी असते, तर डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्रीची मोठी असते आणि दुपारची तिच्यापेक्षा बरीच खाली थांबते. रात्रीच्या पाण्याने आणून टाकलेली शेवाळ, शिंपले आणि काटक्यांची रेघ पुळणीच्या वरच्या भागात दिसते. दुपारच्या भरतीला त्या रेघेच्या खाली काही पावलांची पट्टी कोरडी राहते. छोटे चिखल्ये आणि टिलवे विश्रांतीसाठी नेमके तेथेच बसतात, पाऊलखुणांच्या खळग्यांत अंग दडवून. नवख्या माणसाची नजर लाटांवर असते आणि पाय त्या पट्टीवरून चालत असतात. त्यामुळे थवा उडाल्यावरच तो तेथे होता हे कळते. पुळणीवर उतरण्याआधी सुरूच्या बनाच्या कडेला थांबून ती रेघ दुर्बिणीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासावी, असा माझा आग्रह आहे.

धक्क्यांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो.

नंदुरबारची सुगरण

आमच्या भागातून कोकणापेक्षा सुरत जवळ. तापीच्या काठाने जाणारी भुसावळ–सुरत गाडी पकडली की नंदुरबारहून काही तासांत तेथे पोहोचता येते. आपल्या अंगणातून वाहणारी तापी जेथे समुद्राला मिळते, त्या मुखाच्या उत्तरेला हजिरा आणि दक्षिण बाजूला डुमसचा काळ्या वाळूचा किनारा आहे. ओहोटीला तेथे चिखल फार दूरपर्यंत उघडा पडतो. खानदेशातल्या पक्षिमित्रांनी पहिली फेरी तेथेच करावी, असे मला वाटते. दादांचे यावर काय मत आहे?

तापीथडी, भुसावळ

ताई, सूचना मनापासून आवडली आणि कधीतरी तापीच्या मुखापर्यंत जायचे आहेच. परंतु पहिल्या फेरीसाठी मी थोडा सावध आहे. खंभातच्या आखातात भरतीचा चढउतार देशात सर्वाधिक आहे, भावनगरजवळ तो दहा मीटरांच्या आसपास जातो. सुरत त्या आखाताच्या तोंडाशी असल्याने तेथेही पाणी मुंबईपेक्षा जास्त चढते. पाणी मागे जाते तेव्हा इतके लांब जाते, की पक्षी काठावरून ओळखणे अवघड होते, आणि परत येताना ते सपाट चिखलावरून वेगाने येते. पक्ष्यांच्या मागे चिखलात उतरलेला माणूस अडकू शकतो. तिथीचा पाऊणपटीचा नियमही तेथे जसाच्या तसा चालत नाही, कारण आखातात भरती मुंबईनंतर काही तासांनी पोहोचते. शिवाय डुमसला सुट्टीच्या दिवशी गर्दी फार असते. स्थानिक पक्षिनिरीक्षक सोबत असतील, त्या दिवसाचा तक्ता हातात असेल आणि चिखलात उतरायचे नाही असे आधीच ठरले असेल, तर ती फेरी उत्तम होईल.

केळीबाग, रावेर

मंडळी, मी शेतकरी माणूस आहे आणि पक्षी पाहण्याची आवड हतनूरच्या फुगवट्यामुळे लागली. माझा प्रश्न प्रामाणिक आहे. हतनूरला हिवाळ्यात एवढे पक्षी येतात आणि तेथे जलपर्णी, गाळ, मासेमारीची जाळी असे पाहण्यासारखे व नोंदवण्यासारखे प्रश्नही भरपूर आहेत. मग एवढा प्रवास करून समुद्रावर जाण्याने आपल्या भागातील पक्षिनिरीक्षणाला नेमका काय लाभ होणार आहे? केवळ यादीत नावे वाढवायची असतील तर माझा उत्साह कमी आहे.

गिरणेची टिटवी, चाळीसगाव

आबा, आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडच्या काठपक्ष्यांची ओळख अनेकदा ‘येथे दुसरा कोण असणार’ या गृहीतावर चाललेली असते. गिरणेच्या काठावर गॉडविटचा थवा दिसला की तो काळ्या शेपटीचाच असे आपण लिहून टाकतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असते. पण स्थलांतराच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर आणि पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये, समुद्राकडे जाणारे किंवा तेथून परतणारे पक्षी आपल्या जलाशयांवर एखाद-दोन दिवस उतरू शकतात. समुद्रावर ज्याने हे पक्षी मनसोक्त पाहिले आहेत, त्यालाच हतनूरच्या गर्दीत वेगळा असलेला एक पक्षी जाणवतो. म्हणून मला ही फेरी हतनूरसाठीची तयारी वाटते.

काही जोड्या अशा आहेत, की त्यांतला एक आपल्याकडचा आणि दुसरा किनाऱ्यावरचा. काळ्या शेपटीच्या गॉडविटच्या पंखावर उडताना रुंद पांढरा पट्टा दिसतो, त्याची शेपटी काळी असते आणि चोच जवळजवळ सरळ असते. पट्टेरी शेपटीच्या गॉडविटला तो पांढरा पट्टा नसतो, चोच टोकाकडे किंचित वर वळलेली असते आणि पाठीवर रेघारेघांचा, कोरल (कर्ल्यू) पक्ष्यासारखा पोत असतो. छोटा टिलवा दोन्हीकडे भेटतो, त्याचे पाय काळे. टेमिंकचा टिलवा गोड्या पाण्याच्या कडेने, गवताळ चिखलात राहतो, त्याचे पाय पिवळसर-हिरवट असतात आणि उघड्या पुळणीवर तो सहसा मिळत नाही. कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवतीचे पिवळे कडे आपल्याला पाठ आहे. किनाऱ्यावरच्या केंटिश चिखल्याला ते नसते, त्याच्या मानेभोवती पूर्ण पांढरी कॉलर असते, छातीच्या बाजूंना दोन तुटक काळसर डाग असतात आणि पाय गडद असतात.

केंटिशच्याच थव्यात वाळू-चिखल्ये मिसळलेले असतात. त्यांच्या मानेमागे पांढरी कॉलर नसते, हा पहिला फरक. त्यांच्यातल्या लहान वाळू-चिखल्या आणि मोठा वाळू-चिखल्या या दोन जाती वेगळ्या करणे मात्र खरोखर कठीण आहे. मोठ्याची चोच लांब आणि जाड, पाय लांब व फिकट हिरवट-पिवळे, डोके चौकोनी. लहानाची चोच आखूड, पाय बहुधा गडद. एकटा पक्षी पाहून निर्णय घेऊ नये. दोन्ही शेजारी उभे राहीपर्यंत थांबावे आणि ते भरतीच्या दाटीत आपोआप घडते. लहान वाळू-चिखल्या पूर्वी एकच जात मानली जात असे, आता तिचे सैबेरियन आणि तिबेटी असे दोन भाग केले गेले आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येणारे बहुतेक तिबेटी, म्हणजे लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर घरटी करणारे आहेत. हिमालयापलीकडचा हा पक्षी खानदेशावरून उडत समुद्रावर जात असेल, या विचाराने मला तरी आपला भाग त्या वाटेचा एक दुवा वाटू लागतो.

डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर यांच्याबद्दल एकच सांगते. उडताना शेपटीच्या मुळाशी स्वच्छ पांढरा भाग दिसला तर कर्ल्यू सँडपायपर, मधोमध काळी रेघ दिसली तर डनलिन. बसलेला असताना कर्ल्यू सँडपायपरची चोच अधिक लांब व बाकदार आणि भुवई अधिक ठळक असते. राखी चिखल्या उडाला की पंखाखाली, काखेत, काळा डाग दिसतो. तो एकदा पाहिला की पुढे शंका राहत नाही.

केळीबाग, रावेर

ताई, समाधान झाले. मीही येतो.

पांझरेकाठचा, सध्या दापोली

आता धक्क्यांविषयी.

पुळणीवरचे पक्षी आणि धक्क्यावरचे पक्षी यांत बराच फरक असतो. पुळण ही सँडरलिंगची जागा. सर्वांत फिकट, जवळजवळ पांढरा दिसणारा, खांद्याशी काळसर डाग असलेला आणि मागचे बोट नसलेला हा पक्षी परतणाऱ्या लाटेच्या मागे धावतो, ओल्या वाळूत चोच खुपसतो आणि पुढची लाट येण्याआधी वर पळतो. धक्का, लाटा अडवणारे टेट्रापॉड आणि गावाशेजारचे धूप-प्रतिबंधक बंधारे या टर्नस्टोनच्या जागा आहेत. शेवाळाने हिरवे झालेले दगड, त्यांच्या फटींतले बारीक खेकडे आणि दगडांना चिकटलेले कवचधारी जीव हे त्याचे अन्न. त्याचे रंग हिवाळ्यात दगडाशी इतके मिसळतात, की पाच मिनिटे न हलता पाहिल्याशिवाय तो दिसत नाही. नारिंगी पाय हीच त्याची पहिली खूण. टेरेक सँडपायपरही भरतीला अशा दगडांवर विश्रांतीला येतो. त्याची चोच वर वळलेली असते आणि ओहोटीला तो खेकड्यांमागे वेड्यावाकड्या रेषेत पळताना ओळखू येतो.

मासेमारीच्या बंदरांत कुरव (गल) आणि सुरय (टर्न) जमतात. हर्णैला सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो, त्या वेळी कुरवांची गर्दी असते. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव हिवाळ्यात दोघेही पांढऱ्या डोक्याचे, कानाशी एक डाग घेऊन असतात. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो आणि काळ्या डोक्याच्या कुरवाचा गडद. त्यांच्या शेजारी थोराड अंगाचा, पिवळ्या चोचीच्या टोकाशी काळा-लाल पट्टा असलेला पल्लास कुरव उभा राहिला की आकाराचा फरक लगेच कळतो. जेथे अजून रापण ओढतात, तेथे जाळे काठाला येण्याच्या वेळी सुरय डोक्यावर घिरट्या घालतात.

धक्क्यावर वागण्याचे काही नियम आहेत. ओहोटीला उघडे पडलेले दगड शेवाळाने निसरडे असतात, त्यांच्यावर उतरू नये. बंदर हे लोकांच्या कामाचे ठिकाण आहे. लिलावाच्या वेळी तिपाई रोवून वाट अडवू नये आणि मच्छीमार बायकांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. काही धक्क्यांवर सुरक्षेच्या कारणाने छायाचित्रणाला मनाई असते, ती पाळावी. उलट, जाळी विणत बसलेल्या जाणत्या माणसाला भरतीला पाखरे कुठे बसतात एवढे विचारले, तर जे उत्तर मिळते ते कोणत्याही नकाशात नसते.

मुंबईत शिवडीचा धक्का आहे. चिखलावरील रोहित पक्ष्यांसाठी तो प्रसिद्ध आहे, पण त्याच चिखलात कर्ल्यू सँडपायपर, रेडशँक, गॉडविट असतात आणि पाणी अर्धे चढले की ते धक्क्याजवळ येतात. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू तेथूनच समुद्रात शिरतो.

शाळा आणि शिवार, अमळनेर

मी शिक्षिका आहे आणि आठवी-नववीच्या काही मुलींना घेऊन येण्याची इच्छा आहे. त्यासाठी एका विषयावर सर्वांची सहमती हवी. किनाऱ्यावर घोडागाडी, वाळूवर चालणाऱ्या मोटारी, मोकळी कुत्री आणि छायाचित्रासाठी थव्याच्या दिशेने धावणारे पर्यटक हे सर्वत्र आहेच. आपण त्यात भर घालता कामा नये. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटींवर कुरवांना शेव-फरसाण, वेफर टाकण्याची प्रथा पडली आहे. आपल्या गटातील कोणीही तसे करू नये, असे मी आग्रहाने सुचवते. तेलकट-खारट पदार्थ हे त्यांचे अन्न नाही आणि ‘पक्षी हवेत हातातून खातो’ हे दृश्य मुलांच्या मनात निसर्गप्रेम म्हणून रुजू नये.

कॅमेरा, जळगाव

ताईंच्या मताचा आदर आहे. तथापि चांगले छायाचित्र हेही ओळखीचे साधन आहे. वाळू-चिखल्याच्या चोचीची लांबी पुढे घरी बसून मोजता येते ती छायाचित्रामुळेच. त्यासाठी थोडे जवळ जावे लागते. सरसकट बंदी घालण्याऐवजी अंतर ठरवावे.

गिरणेची टिटवी, चाळीसगाव

ठरावीक मीटरांचे अंतर सांगणे मला योग्य वाटत नाही, कारण ते जातीनुसार आणि जागेनुसार बदलते. कोरल फार दुरूनच उडतो, सँडरलिंग बऱ्याच जवळ येऊ देतो. त्याऐवजी पक्ष्याकडे पाहावे. चरणारा पक्षी चरणे थांबवून मान उंच करतो, एका पायावर झोपलेला दुसरा पाय खाली टेकवतो, थवा एका बाजूला चालू लागतो. यातली पहिली खूण दिसताच आपण थांबायचे आणि मागे सरायचे. कॅमेरावाल्यांनी पाणी चढण्याच्या आधी जागा धरून वाळूवर बसून राहावे. भरती पक्ष्यांना त्यांच्या दिशेने आणते, त्यांना पक्ष्यांकडे जावे लागत नाही.

भरतीच्या विश्रांतीला आपण हलके का घेऊ नये, याचे कारण पक्ष्यांच्या शरीरात आहे. दिवसातले चरण्याचे तास पाण्याने मोजून दिलेले आहेत. उरलेल्या वेळेत ते अन्न चरबीत साठवतात आणि त्या साठ्यावर मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे हजारो किलोमीटर उडतात. २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीच्या एका गॉडविटने अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर अंतर कुठेही न उतरता पार केल्याची उपग्रह-नोंद आहे. एका भरतीत थवा चार-पाच वेळा उडवला गेला तर तेवढे इंधन वाया जाते आणि पुढच्या ओहोटीपर्यंत ते भरून निघत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने लाल यादीत अनेक काठपक्ष्यांची स्थिती खालावल्याचे नोंदवले. त्यात राखी चिखल्या आणि कर्ल्यू सँडपायपर आता ‘असुरक्षित’ गटात, तर टर्नस्टोन आणि डनलिन ‘संकटाच्या उंबरठ्यावर’च्या गटात आहेत. आपण ज्यांना पाहायला निघालो आहोत, तेच हे पक्षी.

कॅमेरा, जळगाव

बसून राहण्याची पद्धत मान्य आहे. आमच्याकडील तिघेही ती पाळतील.

नंदुरबारची सुगरण

साधनांबद्दल दोन शब्द. आठ किंवा दहा पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुळणीवर पुरते, पण चिखलासाठी तिपाईवरची मोठी दुर्बीण असावीच, गटात किमान एक. दहानंतर वाळूवरची हवा थरथरू लागते आणि मोठी दुर्बीण फार वाढवून पाहिली तर चित्र विरघळल्यासारखे दिसते. तेव्हा पट कमी ठेवावी. खाऱ्या तुषारांनी भिंग माखले तर कोरड्या फडक्याने पुसू नये, मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने टिपून घ्यावे.

तापीथडी, भुसावळ

सर्वांच्या सूचना लक्षात घेऊन पुढीलप्रमाणे ठरवत आहे. पहिली फेरी रायगड जिल्ह्यातील आक्षी-नागावला. अलिबागच्या दक्षिणेला लागून असलेल्या या किनाऱ्यावर सुरूची बने, लांब पुळण आणि आक्षीच्या बाजूला खाडीचे मुख आहे, त्यामुळे वाळू आणि चिखल दोन्ही मिळतात. रात्रीच्या गाडीने मुंबई, सकाळच्या बोटीने मांडवा आणि तेथून बसने अलिबाग. बोटीच्या प्रवासात कुरव आणि मांडव्याचा धक्का पाहून होईल. पौष पौर्णिमेच्या लगतचा शनिवार-रविवार धरला आहे, म्हणजे साडेनऊला पुळणीवर पोहोचलो तरी पाणी चढतेच असेल. रविवारी परतताना वेळ जमल्यास शिवडी. तक्त्यातील नेमक्या वेळा मी आदल्या आठवड्यात येथे टाकेन.

नोंदींविषयी एक विनंती आहे. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ती १९८७ पासून सुरू आहे आणि आपल्यापैकी बरेच जण हतनूरला तीत भाग घेतात. समुद्रावरच्या नोंदीत मात्र एक रकाना वाढवावा लागेल : मोजणीच्या वेळी पाणी चढते होते की उतरते आणि पूर्ण भरतीला किती वेळ होता. तो नसेल तर दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. पायात कडी किंवा रंगीत झेंडी असलेला पक्षी दिसला तर कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, कोणता रंग वर आणि कोणता खाली, आणि झेंडीवरची अक्षरे एवढे जागेवरच लिहून घ्यावे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कडी घालण्याचे काम करत आहे. अशी नोंद त्यांच्याकडे पोहोचली की तो पक्षी कुठे आणि केव्हा पकडला गेला होता, हे कळू शकते.

अमळनेरच्या ताईंनी मुलींची संख्या कळवावी, म्हणजे राहण्याची सोय आधी करता येईल. मोठी दुर्बीण आणि तिपाई कोण आणणार, हेही येथेच लिहावे.

केळीबाग, रावेर

तिपाई माझ्याकडे आहे. दुर्बीण फैजपूरच्या एका मित्राची मागून आणतो. भरतीची वाट पाहत वाळूवर तीन तास बसायचे असेल तर सकाळी निघताना सर्वांसाठी कळण्याच्या भाकरी आणि भरीत मी घेईन, किनाऱ्यावर जेवणासाठी उठून जायला नको.